सोळा फूट चुना

आमच्या निपाणीत आता पत्ता सांगायची तऱ्हाच बदललीय. आधी पाव्हण्याला सांगायचं म्हणजे, "स्टँडावर उतर, पुढं एक वखार लागंल, मग दुसरी लागंल, तिसऱ्या वखारीच्या कोपऱ्याला वळ." पाव्हणा नेमका दुसऱ्या वखारीत घुसायचा आणि तंबाखूच्या भुरकीनं शिंका देत बसायचा. त्याची तरी काय चूक? सगळ्या वखारी सख्ख्या बहिणी. तपकिरी, उंच, तोंड पाडून उभ्या. आता नुसतं म्हणायचं, "पाखरापाशी उतर, बैलाच्या डोळ्याला वळ, हातांच्या भिंतीसमोर आमची गल्ली." पाव्हणा न चुकता दारात.

ही चित्रं दोन-तीन वर्षांतली. पहिलं आलं ते पाखरू. धनेश होता तो, खानापूरच्या रानातला, पण गावानं आठ दिवस त्याला गिधाडच म्हटलं. मग बैल आला. दोन मजली बैल, आणि त्याचा डोळा एवढा मोठा की समोरच्या चहावाल्याची अख्खी गाडी त्यात मावावी. त्या भिंतीच्या बुडाला पिढ्यान्‌पिढ्या बापय माणसं रस्त्याकडं पाठ करून उभी राहायची. पाटी लावली, देवांच्या फरशा बसवल्या, कशाचा उपेग झाला नव्हता. बैलानं काम केलं. एक म्हातारा मला म्हणाला, "कसं उभं ऱ्हायाचं रं? त्यो वरनं बघालाय की!" आता तिथं पोरी उभ्या राहून फोटो काढतात आणि एसटीचा कंडक्टर "बैल, बैल, बैलवाले उतरा" म्हणून ओरडतो.

पण हातांच्या भिंतीची गोष्ट निराळी. ती चितारली दोघांनी, आणि तिच्यापायी जेवण गेलं तिसऱ्याचं. त्या तिसऱ्याचं नाव मायाप्पा.

मायाप्पा आमच्या गल्लीतला चुना मारणारा. अंगानं काटकुळा, पण मनगटं बैलगाडीच्या जोखडासारखी. भुवया पंचविशीतच पांढऱ्या झाल्या, चुन्यानं म्हणा की आणि कशानं, त्यामुळं तो म्हातारा व्हायच्या लई आधीपासून गाव त्याला म्हातारा म्हणतंय. खरा म्हातारा झाला तेव्हा कुणाच्या ध्यानातबी आलं नाही.

त्याचा बाप तंबाखूच्या वखारीत हमाल होता. पोरगंबी हमालीलाच लागायचं, पण मायाप्पाला तंबाखू सोसत नव्हता. निपाणीत जन्मून तंबाखू न सोसणं म्हणजे माशाला पाणी बाधण्यातला प्रकार. पहिल्याच दिवशी पोतं पाठीवर असताना त्याला अशा शिंका लागल्या की पोतं एकीकडं, हा एकीकडं. मुकादमानं हातात कुंचा दिला आणि म्हणाला, "जा, भायेरनं भिंत रंगव. आत पाय ठिवू नगंस." तिथनं जो कुंचा हातात आला तो सुटला नाही. बायको बघा कशी मिळाली, लक्ष्मीबाई, विड्या वळणारी. दिवसभर तिच्या मांडीवर सूप आणि सुपात तंबाखू. आपल्याच घरात वारा कुठनं येतोय ते बघून बसणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

पण चुना मारावा तर मायाप्पानंच. भट्टीवरनं चुनकळी आणायचा, पिंपात पाणी घालून विझवायचा. ते खदाखदा उकळायला लागलं की गल्लीतली पोरं लांब उभी राहून बघायची. आठ दिवस मुरवायचा, जुन्या धोतरातनं गाळायचा, मीठ घालायचा, डिंक घालायचा आणि शेवटी नीळ, तीबी बोटाच्या टोकावर मावेल एवढीच. डिंक किती, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. त्याच्या चुन्याची ख्याती एकच होती, अंगाला लागत नाही. एका लग्नात काळ्या कोटातल्या वकिलाला त्यानं धरून भिंतीला टेकवला, खसाखसा घासला आणि चारचौघांत वळवून दाखवला. कोट काळाच्या काळा. वकील रागावून न जेवता गेला, पण पुढच्या हंगामात मायाप्पाला सात लग्नघरं मिळाली.

आमच्याकडं लग्न म्हटलं की दारापुढच्या भिंतीवर चित्र आलंच. दोन बाजूंना हत्ती, नाहीतर भालदार-चोपदार, मधे नवरा-नवरीचं नाव. आणि चित्राआधी चुना. चुन्याशिवाय चित्र म्हणजे आंघोळीशिवाय नवरदेव. चितारी यायच्या आदल्या दिवशी मायाप्पा येऊन भिंत पांढरीफेक करून जायचा. ही रीत त्याच्या हाडात मुरलेली. पुढं जे झालं ते ह्या रीतीनंच झालं, म्हणून आधी सांगून ठेवतो.

आमच्या गल्लीसमोरची मारुतीरावांची वखार चौतीस वर्षं त्याच्याकडं होती. दर दसऱ्याला तिच्या रस्त्याकडच्या भिंतीला एक हात. भिंत पस्तीस फुटांची आणि मायाप्पाची बांबूची शिडी सोळा फुटांची. पहिल्या वर्षी त्यानं मालकाला विचारलं, "मालक, वरचं कसं करायचं?" मालक म्हणाले, "वरचं कोण बघतंय रं?" झालं. तेव्हापासून शिडी पोचेल तिथवर चुना आणि वर नुसता करडा गिलावा. पावसानं वरचं धुऊन निघायचं, खालचं दरवर्षी जाड व्हायचं. आम्ही म्हणायचो, वखार धोतर नेसून उघडीच उभी हाय.

मागच्या माघात सौम्या नावाची पोरगी वखारीपुढं येऊन उभी राहिली. हिंडलग्याची, शेतकऱ्याच्या घरातली. चित्रकलेचं शिकून आलेली, पाखरू आणि बैल तिचेच. तिच्याबरोबर दीपंकर, तिच्याच वर्गातला, बेळगावचा. तो बोलायचा कमी आणि शिट्टी लई वाजवायचा. मारुतीरावांनी भिंत देतो म्हटलं होतं. चित्र ठरलं होतं विडी वळणाऱ्या बाईचं. वर तोंड, खाली सूप आणि सुपावर दोन हात.

हात बघायला सौम्या गल्लीत शिरली ती थेट लक्ष्मीबाईच्या उंबऱ्यावर. तीन दुपारी बसली. पान कसं कातरतात, भुरकी कशी पसरतात, दोरा कुठल्या बोटावर गुंडाळतात, सगळं कागदावर उतरवून घेतलं. लक्ष्मीबाईच्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा हाय, तोसुद्धा. मग गल्लीतल्या बायका कशा गप्प बसतील?

अंबुबाईनं विचारलं, "व्हय गं लक्ष्मे, हात तुजं, मग तोंड कुणाचं?"

सौम्याच म्हणाली, "तोंड कुणाचंच न्हाय, आक्का. सगळ्यांचं मिळून केलंय."

"म्हंजी तोंड गावाचं आणि हात हिचं व्हय?"

"तोंड कुणाचं का असंना," लक्ष्मीबाई विडीचं तोंड दुमडत म्हणाली. "विड्या तोंडानं वळतात काय?"

मायाप्पा खाटेवर बसून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी मारुतीरावांनी त्याला भिंतीच्या बुडातलं गवत आणि घाण काढायला सांगितली, तेव्हा त्यानं गवत काढलं, घाण काढली आणि भिंतीकडं बघत उभा राहिला. चौतीस वर्षं आपण सांभाळलेली भिंत. तिच्यावर आपल्या बायकोचे हात येणार. आणि चुन्याशिवाय चित्र? पिंपात दसऱ्याचा चुना मुरत पडला होताच. सौम्या आणि दीपंकर रंग आणायला बेळगावला गेलते. त्या दोन दिवसांत ह्यानं शिडी लावली आणि सोळा फूट भिंतीला दोन हात मारले. डिंक नेहमीपेक्षा सढळ घातला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला विचारलंबी नव्हतं.

सौम्यानं आधी त्या भिंतीचे फोटो नेले होते. खालचा जुना चुना खरवडायला दोन दिवस लागतील, असं तिच्या वहीत लिहिलेलं होतं. परत आली तर भिंत लख्ख. तिनं तळहात फिरवला. हाताला काही लागलं नाही.

"दीपंकर, हे बघ. मालकांनी खालचं खरवडून अस्तरबी मारून घेतलंय. आपलं दोन दिवस वाचलं." मग मायाप्पाकडं वळून म्हणाली, "कुणी केलं हे, आप्पा?"

"म्या."

"भारी झालंय! जरासुद्धा सुटत न्हाय की."

"सुटायचं न्हाय," मायाप्पा म्हणाला. वकिलाच्या कोटाची गोष्ट सांगायचा मोह त्यानं कसाबसा आवरला.

काय लावलंय ते तिनं विचारलं नाही. आणि भिंतीला चुन्याशिवाय आणि काय लावत असतील, असं मायाप्पाच्या मनात आलं नाही. वरच्या करड्या गिलाव्याला त्या दोघांनी आधी अस्तराचा रंग मारला. खालचं पांढरंच होतं, तिथं थेट चित्राचे रंग.

लोखंडी पाइपांची परांची उभी राहिली. तीन दिवसांत वरनं तोंड उतरलं. करारी बाईमाणूस, पदर डोक्यावरनं, डोळे खाली सुपाकडं. रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या थांबायला लागल्या. मायाप्पा सकाळी डबा घेऊन समोरच्या कट्ट्यावर बसायचा तो सांजेला उठायचा. चौथ्या दिवशी खालचे हात आले. मनगटं, हिरव्या काचेच्या बांगड्या, अंगठ्यावरचा घट्टा. गल्लीतली माणसं मायाप्पाला चिडवायला लागली, "काय मायाप्पा, घरात हाय की रं बाई! आनी हितं बसून काय बघालास?"

सुपाची कड सरळ यावी म्हणून दीपंकरनं भिंतीला चिकटपट्टी लावली होती. त्या दिवशी दुपारी ती त्यानं ओढली. पट्टीबरोबर रंग आला. रंगाच्या मागं पांढरं, पांढऱ्यामागं पिवळं, असा भाकरीच्या पापुद्र्याएवढा जाड तुकडा खाली पडला.

"पट्टी लई चिकट हाय," दीपंकर म्हणाला. जागेवर रंगाचा हात फिरवला आणि परत शिट्टी सुरू.

मायाप्पा उठला, तुकडा उचलला, पालथा केला. पुढनं हिरवी बांगडी. मागनं त्याचा चुना, वर्षावर वर्ष. वरचा हात डिंकानं घट्ट होता, पण त्याच्या खालची चौतीस वर्षं नुसती एकमेकांच्या अंगाला टेकून उभी होती. चुन्याला चुन्याचं वजन सोसतं. ह्या नव्या रंगाची साय धरते आणि ऊन लागलं की ओढते. एक पावसाळा. फार तर दीड. मग वर तोंड राहणार आणि खालचे हात सालटी सालटी होऊन गटारात जाणार.

तुकडा खिशात टाकून तो घरी आला. ताटावर बसला आणि भाकरीला हात न लावता उठला.

"काय झालं वो?" लक्ष्मीबाईनं विचारलं.

त्यानं खिशातनं तुकडा काढून तिच्या सुपात टाकला.

"हे काय?"

"तुजं मनगट."

मग त्यानं सगळं सांगितलं. लक्ष्मीबाईचे हात बोलताना थांबत नाहीत, तिची विडी चालूच होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मग तिला सांगा की."

"काय सांगू? म्या चुना मारला, म्या तुझं चित्र घालवलं? वकिलाच्या कोटाला लागला न्हाय त्यो चुना चित्राला बाधला म्हणून सांगू? चौतीस वर्सांत माझ्या हातच्या भिंतीला कुणी नाव ठेवल्यालं न्हाय."

"पावसाळ्यात ठेवतील की. तवा मायाप्पाचं नाव न्हाय घेणार. म्हणतील, पोरीला काम येत न्हाय. पुन्ना तिला कोण भिंत देणार?" तिनं विडी सुपात टाकली. "आनी माझं हात गटारात गेलेलं मला चालायचं न्हाय. उठा."

मायाप्पा उठला. टोपी नीट केली, आणि भर उन्हात भिंतीपाशी जाऊन वर तोंड करून हाक मारली, "सौम्याबाई, खाली या. माझी चूक झालीया."

ती उतरली. त्यानं तुकडा दाखवला. तिला पटेना. तिनं स्वतः पट्टी घेतली, अंगठ्यावर लावली, घासून घट्ट केली आणि ओढली. ताटलीएवढा तुकडा हातात आला. लक्ष्मीबाईचा अख्खा अंगठा. सौम्या तशीच रस्त्याच्या कडेला मातीत बसली.

"चुना होय हा? आप्पा, तुमी मला एका शब्दानं का न्हाय सांगितलं?"

"तू काय लावलंय म्हणून इचारलं न्हाईस. आनी मला वाटलं चित्राआदी चुना लागतोय, हे तुला ठावं असंल."

तिनं तुकडा पालथा करून थर बघितले. मग म्हणाली, "चूक माझीबी हाय. हात लावला आणि फसलो. नखानं खरवडून बघायचं होतं." रागावली होती, पण खरं तेच बोलली. "परांची रविवारी जाणार. संकेश्वरच्या देवळाच्या शिखराला पाइप लागतात. आज बुधवार. तीन दिवसांत खरवडून, अस्तर मारून, परत हात काढायचे? आम्ही दोघं?"

तेवढ्यात मारुतीराव आले. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कशाला जिवाला त्रास करून घेता? रविवारी चार माणसं येतील, नारळ फुटंल, फोटो निघतील. पावसात काय पडलं तर पडलं. पुढच्या वर्षी बघू."

सौम्या दमली होती, आणि तिच्या तोंडावर दिसत होतं की हे बोलणं तिला वाईट वाटलेलं नाही. होकाराला मान हलायचीच बाकी होती.

मायाप्पानं मालकापुढं कधी आवाज चढवलेला नाही. तेव्हाही चढवला नाही. म्हणाला, "मालक, चौतीस वर्सं तुमी म्हणत आलासा, वरचं कोण बघतंय. म्या मान डोलावली. आता खालचं सगळं गाव बघणार हाय. ह्ये तसंच ठिवून माझ्यानं ह्या रस्त्यानं जाववायचं न्हाय. कुणी न्हाय आलं तर म्या एकटा खरवडतो."

आणि शिडी आणायला गेलाही. सौम्यानं त्याच्या पाठीकडं बघितलं, उठली, कापडाची माती झटकली आणि दीपंकरला म्हणाली, "पाण्याचा पंप चालू कर."

भिंत भिजवायची, चुना फुगू द्यायचा आणि खरवडायचा. मायाप्पानं उलथनं घेतलं. तासाभरात लक्ष्मीबाई आली. तिच्यामागं अंबुबाई, जयाबाई आणि गल्लीतल्या आणखी आठ-दहा जणी, कुणाकडं खुरपं, कुणाकडं विळी. भरलेली सुपं घरात झाकून आल्या होत्या. विडीवाल्या बायका दिवसाच्या कामाला सुट्टी देतात हे मी पहिल्यांदाच पाहिलं. खालच्या खाली बायका, मधल्या फळीवर सौम्या आणि दीपंकर, शिडीवर मायाप्पा.

पापुद्रे सुटायला लागले तशी मायाप्पाची चौतीस वर्षं एकेक करून खाली पडायला लागली. पांढरा, निळसर पांढरा, मग एकदम पिवळा.

"ह्यो पिवळा कुठला वो?" जयाबाईनं विचारलं.

"मालकांच्या लग्नाचा. पिवडी घातलीवती."

"आनी ह्यो गुलाबी?"

"ते इचारू नगंस. शिल्लक रंग व्हता, चुन्यात टाकला. मालक महिनाभर बोललं न्हाईत."

गुलाबीच्या मागं एका सर्कशीच्या जाहिरातीतली लाल अक्षरं निघाली आणि वाघाचं अर्धं शेपूट. त्याच्या मागं एक थर असा निघाला की नखानंच पडला.

"ह्यो लई पातळ हाय की," सौम्या म्हणाली.

मायाप्पा शिडीवरनं खाली बघून म्हणाला, "त्या साली ही म्हायारी जाऊन बसलीवती. दोन महिनं. कामात मन नव्हतं."

बायका खो खो हसायला लागल्या. लक्ष्मीबाईनं खुरपं थांबवलं नाही. "मला कधी सांगितलं न्हाईसा," ती म्हणाली.

"भिंतीला सांगितलंतं की."

"मग भिंतीसंगंच जेवायचं हुतं!"

एक जाड, मन लावून मारलेला थर त्याची पोरगी सुविधा दहावीला पास झाली त्या सालचा होता. ती आता बेळगावात रक्त तपासायच्या लॅबमध्ये असते. तिला फोनवर तो थर दाखवला तर म्हणाली, "आप्पा, तोंडाला फडकं बांधा आधी." फडकं सगळ्यांनी बांधलं.

शुक्रवारी सकाळपर्यंत सोळा फुटांपर्यंतची भिंत गिलाव्यापर्यंत साफ झाली. फक्त उजव्या कडेची वीतभर पट्टी राहिली होती. सौम्या तिच्यासमोर उभी राहिली. कापल्यासारखी कड आलेली, आणि त्यात सगळे थर एकावर एक दिसत होते, लुगड्याच्या काठासारखे.

"आप्पा, एवढी पट्टी तशीच ठेवूया. चित्रातल्या पदराचा काठ म्हणून. तुमच्या कामाची आठवण राहील."

दीपंकरची शिट्टी थांबली. बायकाही बघायला लागल्या. मायाप्पानं पट्टीवर हात फिरवला. मला वाटलं, आता ह्याचे डोळे भरणार. तो म्हणाला, "खुळी काय तू? हितनंच पाणी शिरंल." आणि उलथनं घालून पट्टी एका झटक्यात खाली पाडली.

त्या पापुद्र्यांच्या दोन ट्रॉल्या भरल्या. मारुतीरावांच्या मळ्यात संडासाचा नवा खड्डा काढला होता, त्यात गेल्या. चुना तिथं कामाचा असतो.

मग अस्तर बसलं. सौम्या आणि दीपंकर दोन दिवस परांचीवरनं उतरले नाहीत, गल्लीतनं डबे वर जायचे. लक्ष्मीबाई सूप घेऊन समोरच्या कट्ट्यावर येऊन बसली, म्हणजे सौम्याला वरनं मान वळवली की हात दिसावेत. मायाप्पानं दीपंकरकडनं चिकटपट्टीचं एक बंडल मागून घेतलं होतं. जिथं रंग वाळेल तिथं पट्टी लावायचा, घासायचा, ओढायचा आणि डोळ्याजवळ नेऊन बघायचा. पट्टी कोरी. पुढं सरकायचा. दीपंकर शेवटी म्हणाला, "आप्पा, बंडल संपलं की वो." हा म्हणाला, "आनी एक आण."

रविवारी परांची संकेश्वरला गेली आणि भिंत मोकळी झाली. नारळ मारुतीरावांनी फोडला. भाषणात त्यांनी सांगितलं की भिंत पक्की करून घ्यायचा आग्रह आपलाच होता. मायाप्पानं टाळ्या वाजवल्या.

पावसाळा यंदा दणकून झाला. महामार्गाकडची दोन झाडं पडली, शाळेच्या कुंपणाला भगदाड पडलं. मायाप्पा रोज सकाळी छत्री धरून भिंतीपाशी जायचा, एक तळहात घासायचा आणि उलटा करून बघायचा. जन्मभर पांढरे राहिलेले हात. दिवसागणिक कोरा तळहात बघून घरी यायचा आणि दोन भाकरी खायचा. सौम्याला आता संकेश्वरात एक आणि चिकोडीत दोन भिंती मिळाल्यात. भिंत बघायला जाताना मायाप्पाला घेऊन जाते. तो भिंतीला आधी नख लावतो, मग हात, मग कान लावून टकटक करतो आणि सांगतो, ह्या भिंतीच्या पोटात काय हाय. त्याच्या 'व्हय'शिवाय ती रंगाचा डबा उघडत नाही.

दसरा आला. चौतीस वर्षांत पहिला दसरा, जेव्हा वखारीला चुना लागणार नव्हता. सकाळी बघतो तर शिडी भिंतीला लावलेली, वर मायाप्पा, हातात बादली आणि मऊ फडकं. पावसाळ्यानंतर बसलेली धूळ पुसत होता. शिडी पोचेल तिथवर, सोळा फूट. त्याच्या वरचं तोंड तसंच धुळीचं.

लक्ष्मीबाई सूप घेऊन कट्ट्यावर बसली होती. अंबुबाईनं खालनं हाक दिली, "अवो मायाप्पा अण्णा, नुस्तं हातच पुसालासा. वरचं तोंड कोण पुसणार?"

मायाप्पानं फडकं पिळलं. "त्ये गावाचं हाय, गाव पुसंल," तो म्हणाला आणि हिरव्या बांगडीवरनं पुढं अंगठ्याच्या घट्ट्याकडं सरकला.